‘संडासला होतं का?’ आजींना नेमकं काय विचारायचं?

कृष्णाकाठची:
गेल्या महिन्यात तासगावजवळच्या एका गावात ज्येष्ठांची आरोग्य तपासणी होती. अर्ज इंग्रजीत होता, तो मराठीत मी केला. त्यात एक प्रश्न होता, ‘रोज संडासला होते का?’ आधी ‘मलविसर्जन नियमित होते का’ असं लिहिलं होतं. ते डॉक्टरांनी खोडायला लावलं, बरोबरच होतं त्यांचं. सत्तरीच्या एक आजी समोर बसल्या नि म्हणाल्या, “न्हाय बाई, तसलं काय न्हाय. पोट चांगलं हाय माझं.” मी ‘नाही’वर खूण केली. पुढच्या टेबलावर त्यांच्या हातात रेचकाची पुडी पडली. तासाभरानं सून पुडी घेऊन परत आली. “आत्यांना रोज सकाळी होतंय की, औषध कशापायी?” आजींनी ‘संडास होणं’ म्हणजे जुलाब होणं असं ऐकलं होतं. पुढचं शिबिर तोंडावर आलंय. अर्जात काय लिहू?

माणदेशी:
ताई, आजी बरोबर आहेत. आटपाडी-दहिवडीकडं ‘संडास लागली’ म्हणजे ढाळ लागले. तुम्हाला विचारायचंय ते ‘परसाकडं साफ होतंय का?’ एवढंच.

शुद्धमती:
मुळात संडास ही जागा आहे, क्रिया नव्हे. ‘संडासला होते’ हा प्रयोगच चुकीचा. ‘शौचास साफ होते का’ असं लिहा. शुचि म्हणजे स्वच्छ, त्यापासून शौच. इतका निर्मळ शब्द असताना आपण तो का टाकतो, याचं वाईट वाटतं.

माणदेशी:
मग परस काय क्रिया आहे का? घरामागची जागाच ती. रानात जाणं, वढ्याकडं जाणं, बाहेर जाणं, तुमचं ते बहिर्दिशेस जाणं, सगळ्या जागाच आहेत. आपल्याकडं काय झालं ते सांगत नाहीत, कुठं जाऊन आलो ते सांगतात. संडास घरात आला तेव्हा तोही त्याच रांगेत बसला. यात चूक कुठली?

वाईची_लेक:
माझी आजी ‘कोठा’ म्हणायची. “आज कोठा जड आहे”, “कोठा साफ झाला की डोकं हलकं होतं.” परवा मुंबईत हे बोलले तर वहिनी म्हणाल्या, चारचौघांत हा शब्द काढू नका. त्यांना हिंदीतला कोठा आठवला! मी सांगून थकले की हा कोष्ठापासून आलेला, कोठार, कोठी, कोठडीचा सख्खा भाऊ आहे. वैद्य मृदू कोठा, क्रूर कोठा म्हणतात तोच. कुणाला दूध-मनुकांनीही होतं, कुणाला एरंडेल घेऊनही होत नाही. आजीचा शब्द कुणाच्या लाजेपायी सोडायचा नाही मला.

हरिपूरकर:
सोडू नका. कोष्ठ म्हणजे भरून ठेवायची जागा. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं होती, जमिनीखाली, तोंड लिंपून बंद केलेली. 2005च्या पुरात पाणी शिरून पुष्कळ गेली. ‘बद्धकोष्ठ’ म्हटलं की मला तोंड बांधलेलं पेवच दिसतं.

शुद्धमती:
चित्र छान आहे. पण बद्धकोष्ठ हा बहुव्रीही, ज्याचा कोठा बांधला गेला तो माणूस. तक्रारीला बद्धकोष्ठता म्हणावं.

वाईची_लेक:
साताऱ्यात कुणीही ‘मला बद्धकोष्ठ झालाय’च म्हणतं, आणि ऐकणाऱ्याला कळतं.

मिरजेचा_डॉक्टर:
शब्दाआधी प्रश्न तपासा. ‘रोज’ हा शब्दच काढून टाका. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसाला चालतं. नेमाची वेळ एकाएकी बदलली, रक्त पडलं, वजन उतरलं, तर लगेच दाखवायला हवं. मी विचारतो: “कुंथावं लागतं का? खडा होतो का? पुरतं झाल्यासारखं वाटतं का?” 1997 साली इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मळाच्या सात प्रकारांचा तक्ता छापला. पहिला प्रकार सुटे कडक गोळे. माणदेशातल्या पेशंटला मी “शेळीच्या लेंड्यांवाणी?” विचारतो, उत्तर लगेच येतं.

माणदेशी:
डॉक्टरसाहेब, लेंड्यांवरून आठवलं. आमची आजी दिवसभर जात नसे. वस्तीवर आडोसा नव्हता, बायांनी अंधार पडल्यावरच जायचं. सकाळी न्याहारी झाली की कळ यायची, ती दाबायची. “येग धरला” म्हणायची. म्हातारपणी तिला कळ येणंच बंद झालं.

मिरजेचा_डॉक्टर:
खाल्ल्यावर मोठं आतडं हलतं, म्हणून न्याहारीनंतर कळ येते. ती दाबली की मळ आत राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत बसतं आणि खडा होतो. सारखं दाबलं तर कळही बोथट होते. वेग धरू नये हे आयुर्वेदानं सांगितलंय, तेरा वेगांत मळाचाही आहे. आजींचा ‘येग’ तोच.

कृष्णाकाठची:
हे वाचून गलबलून आलं. ‘कळ दाबावी लागते का’ हा प्रश्न अर्जात नव्हताच, तो घालते. पण मुख्य प्रश्नासाठी परसाकडं लिहू की कोठा? तासगावात कोठा चालेल?

हरिपूरकर:
‘जुलाब’ शब्दाचीच गंमत बघा. फारसी गुल अधिक आब, म्हणजे गुलाबपाणी. अरबीत त्याचं जुलाब झालं, गोड सरबत. पुढे पोट साफ करायचं औषध. माझे आजोबा दिवाळीआधी ‘जुलाब घ्यायचे’, म्हणजे औषध घ्यायचे. आता ‘जुलाब होतात’ म्हणजे आजार.

शुद्धमती:
म्हणूनच म्हणते, रेच म्हणा. परका शब्द घेतला की अर्थ असे सरकतात.

वाईची_लेक:
सरकायला परका कशाला हवा? तुमचं शौचही ‘स्वच्छता’पासून इथवर सरकलंच ना? आणि इसबगोलसुद्धा फारसीच, त्याला काय म्हणाल?

शुद्धमती:
वस्तूचं नाव वेगळं, क्रियेचं वेगळं. हिरडा आपल्या जावळीच्या रानात असताना इसबगोलच का, हेही विचारा.

माणदेशी:
हिरडा म्हणजे कोवळा बाळहिरडा का पिकलेला सुरवारी? दोन्हींचा गुण एक नाही.

कराडची_माई:
आमच्याकडं ‘खडा धरलाय’ म्हणतात, ‘खडा झालाय’ नाही. सांगलीत काय म्हणतात?