प्रतिसाद: वजन उतरल्यावर गाल बसलेत, फिलर करू का?
ताई, 14 किलो उतरल्यावर गाल बसले म्हणून फिलर, म्हणजे गाल भरून काढायचं इंजेक्शन, विचारताय, तर आधी वजन 5-6 महिने एका जागी टिकू द्या. मी ठाण्यात नौपाड्याला डर्मॅटॉलॉजिस्टकडे केलं, हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं, दोन्ही गाल मिळून 2 मिली, चहाचा चमचा 5 मिलीचा असतो त्यावरून बघा किती थोडं ते! बोथट सुई असते, कॅन्युला म्हणतात, फार दुखत नाही पण आत सरकताना कळतं. दोन दिवस सूज आणि डाव्या गालावर निळा डाग, लोकलमध्ये ओढणी घेऊन बसायचे. टिकतं साधारण 6 ते 18 महिने, पण बिनसलं तर हायल्युरॉनिडेज नावाचं औषध टोचून विरघळवता येतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, स्कल्प्ट्रा नावाचं दुसरं इंजेक्शन असतं त्याला तशी सोय नाही. पोटाची चरबी काढून गालात भरतात ती जास्त टिकते खरी, पण त्यातली बरीच शरीर शोषून घेतं आणि वजन हललं की गालही हलतात.
आणि पार्लरमध्ये स्वस्तात मिळतंय म्हणून अजिबात नको हो, रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित नजरही जाते. टोचल्यावर त्वचा पांढरी पडली, खूप ठणकायला लागलं किंवा अंधुक दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.