मदत हवी आहे: कॉन्फरन्सशिवाय यूकॉनच्या फुटबॉलचं काय होणार?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या जाणकारांसाठी प्रश्न. 2020 मध्ये यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ) बास्केटबॉलपायी बिग ईस्ट या कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) परतलं. तिथे फुटबॉलच नाही, त्यामुळे त्यांचा फुटबॉल संघ स्वतंत्र झाला, म्हणजे कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही. खेळ वाईट नाही: 2024 मध्ये 9 विजय, शेवटचा फेनवे बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात नॉर्थ कॅरोलायनावर.

जुनी वेळापत्रकं चाळली. नोव्हेंबरमध्ये बाकीचे आपापल्या कॉन्फरन्समध्ये गुंतलेले, मग तगडे प्रतिस्पर्धी मिळणार कुठून? नोटर डेम या दुसऱ्या स्वतंत्र संघाचा दाखला कृपया नको. एनबीसी वाहिनीशी स्वतःचा प्रक्षेपण करार असलेल्यांची गोष्टच वेगळी. आर्मीला (लष्करी अकादमीच्या संघाला) 2024 मध्ये ‘अमेरिकन’ नावाच्या कॉन्फरन्सने फक्त फुटबॉलपुरतं घेतलं. उलट यूमासकडे (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ) मॅक (मिड-अमेरिकन) कॉन्फरन्सने पूर्ण सदस्यत्वाचा आग्रह धरला होता, तेव्हा ते 2015 नंतर बाहेर पडले.

बास्केटबॉल बिग ईस्टमधून हलणार नाही असं धरा. मग यूकॉनला आर्मीसारखी सवलत कोण देईल, आणि का?