थिएटर, जॅझ स्टँडर्ड्स आणि शिकवणं: एकाच गळ्यात तिन्ही बसतं का?

मंद्रसप्तक:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय. नऊ वर्षं म्युझिकल थिएटरमध्ये गातेय, आधी कोरस मग छोट्यामोठ्या भूमिका, आणि गेल्या वर्षापासून आठवड्यातले तीन दिवस गाणं शिकवतेही. पण मनापासून ओढ आहे ती जॅझ स्टँडर्ड्सची, म्हणजे सगळे जॅझवाले वाजवतात-गातात त्या जुन्या गाण्यांची. गेल्या महिन्यात धीर करून एका जॅम सेशनला (कोणीही येऊन तालमीविना एकत्र गायची-वाजवायची बैठक) गेले. पट्टी नाटकातलीच घेतली, इंट्रो संपल्या संपल्या बरोब्बर ठोक्यावर शब्द उचलला, एकेक शब्द स्वच्छ, शेवटची ओळ पूर्ण बेल्ट करून, म्हणजे छातीतून भरदार आवाजात. टाळ्या पडल्या. उतरल्यावर बास वाजवणारे काका जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "आवाज छान आहे, पण तू आम्हाला ऐकत नव्हतीस." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. नाटकाचं वळण इतकं पक्कं बसलंय का की आता जॅझ जमणारच नाही? आणि शिकवण्यात आवाज खर्च होतो तो वेगळाच. कोणी तिन्ही केलंय का?

अंतरा_३२:
ताई, काकांचं म्हणणं मनाला लावून घ्या पण घाबरू नका. आधी एक लक्षात घ्या की यातली कितीतरी स्टँडर्ड्स नाटकातूनच आलीत. 'ऑल द थिंग्ज यू आर' घ्या, १९३९ च्या 'व्हेरी वॉर्म फॉर मे' या म्युझिकलमधलं, नाटक ५९ प्रयोगांत बंद पडलं आणि गाणं आजही प्रत्येक जॅममध्ये वाजतं. नाट्यपद मैफलीत आलं की त्याचं जसं होतं ना, तसंच. नाटकात ते गाणं पात्राचं असतं, कंडक्टर तुम्हाला धरून असतो आणि तुम्ही रोज तिथेच श्वास घेता. जॅझमध्ये पात्र गेलं, उरलात तुम्ही आणि बाजूचे तिघं.

पहिली गोष्ट पट्टी. तीन-चार सूर खाली या, म्हणजे ओळ बोलल्यासारखी गाता येईल, माइक आहे ना समोर, मागच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची गरजच नाही. तुमच्या पट्टीतली लीड शीट (चाल, शब्द आणि कॉर्ड लिहिलेला कागद) स्वतः लिहून न्या, पियानोवाल्याला तिथल्या तिथे पट्टी बदलायला लावू नका. आणि लय देताना गाण्याची सुरुवात नका आठवू, ब्रिजमधली (गाण्याच्या मधल्या, वेगळ्या चालीच्या भागातली) सगळ्यात जास्त शब्दांची ओळ मनात म्हणा, ती ज्या लयीत आरामात बसते ती लय द्या. मी हे कितीतरी वर्षं उलटं करत होते आणि दर वेळी ब्रिजमध्ये धाप लागायची.

मग फ्रेझिंग, म्हणजे ओळ लयीत कशी मांडायची ते. जॅझ गायिका बिली हॉलिडे ऐका, शब्द ठोक्याच्या किती मागे ठेवते आणि तरी ओळीच्या शेवटी बरोबर घरी येते. तसं करायला बास ऐकावाच लागतो, दुसरा इलाजच नाही. घरी नुसत्या बासच्या ट्रॅकवर गाऊन बघा, पियानो बंद.

पिटमधला_पियानो:
वरचं सगळं पटलं, पण "नाटकाचं वळण" हा दोष आहे असं मी अजिबात मानत नाही. वीस वर्षं पिटमध्ये (नाटकात रंगमंचासमोर वादक बसतात तिथे) वाजवतोय आणि जॅझ गायकांनाही साथ करतो, निम्म्यांना आपण काय गातोय याचा अर्थच लागलेला नसतो, सूर सुंदर आणि शब्द नुसते वाहून जातात. तुमच्याकडे ते आधीच आहे, ते टाकून देऊ नका. गायिका डी डी ब्रिजवॉटर बघा, सत्तरच्या दशकात थॅड जोन्स-मेल लुईस या जॅझ ऑर्केस्ट्राबरोबर गायली, मग 'द विझ' या म्युझिकलसाठी १९७५ चा टोनी हा नाट्यपुरस्कार मिळवला, पुढे रंगमंचावर बिली हॉलिडेची भूमिका केली आणि पुन्हा जॅझमध्ये येऊन ग्रॅमीसुद्धा. उलट दिशेचं उदाहरण बार्बरा कुक, 'द म्युझिक मॅन' या म्युझिकलची नायिका, ते काम मिळेनासं झालं, मधली वर्षं फार वाईट गेली, आणि १९७५ मध्ये कार्नेगी हॉलला एकटीचा कार्यक्रम करून दुसरी कारकीर्द उभी केली ती पियानिस्ट वॉली हार्पर यांच्या साथीने, जवळजवळ तीस वर्षं. एकच पियानिस्ट! माझा सल्ला हाच, दहा जॅम फिरण्यापेक्षा एक साथीदार शोधा आणि महिनाभर दोनच गाणी घेऊन बसा.

आणि व्हर्स, म्हणजे मुख्य गाण्याआधीचा सुरुवातीचा भाग, टाकू नका. बरेच जण थेट ३२ बारच्या (ठोक्यांच्या गटांच्या) मुख्य गाण्यावर येतात, पण व्हर्स म्हणजे बोलण्यातून गाण्यात शिरायची वाट, तिथे तुमचं थिएटर सोन्यासारखं उपयोगी पडेल.

जुनी_वही:
शिकवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जॅझ गायिका शीला जॉर्डन १९७८ पासून न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये जॅझ गायन शिकवायच्या, दिवसा ऑफिसात टायपिंग करून. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत ती टायपिंगची नोकरी होती! मला हे वाचून फार बळ आलं होतं, कारण मीही शिकवणं म्हणजे "गाणं चाललं नाही म्हणून" असंच समजत होते.

आवाजाचं म्हणाल तर गळा गाऊन जितका थकतो त्याहून जास्त दिवसभर बोलून थकतो. मी विद्यार्थ्यांना बेल्ट पूर्ण आवाजात करून दाखवणं बंद केलं, एकदाच हळू दाखवते आणि मग त्यांच्याकडून करून घेते. दोन क्लासच्या मध्ये पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ धरून दोन-तीन मिनिटं बुडबुडे काढत खालून वर मींड, स्वरपट्ट्यांवरचा ताण लगेच उतरतो. प्रयोगाच्या दिवशी दुपारनंतर क्लास नाही म्हणजे नाही. आणि एक, परवा एका विद्यार्थिनीला "साथ ऐक" असं सांगत होते आणि मधेच लक्षात आलं की पियानो मीच वाजवत होते आणि तिचा श्वास मीच ऐकला नव्हता. थांबले, परत पहिल्यापासून घेतलं, आणि ती ओळ तिने अशी गायली की मी पुढचे कॉर्ड वाजवायला विसरले.

मंद्रसप्तक:
सगळ्यांचे खूप खूप आभार, उत्तरं तीनदा वाचली. काल चार सूर खाली येऊन नुसत्या बासवर गायले. पहिल्या दोन वेळा ठोक्यावरच गेले, तिसऱ्यांदा दुसरी ओळ उशिरा सुरू केली आणि तो बास खरंच ऐकू आला. खालच्या पट्टीत आवाज जरा हवेशीर होतोय, तसाच ठेवू की त्यावर काम करू? पुढच्या गुरुवारी परत त्याच जॅमला जातेय, लीड शीट लिहून झालीये.

अंतरा_३२:
माइक जवळ घ्या आणि आत्ता तसाच राहू दे. गुरुवारी काकांच्या बाजूला उभ्या राहा, पियानोच्या नाही.