मदत हवी आहे: बोटीवरच्या वॉकीटॉकीला लायसन लागतं का? (तातडीचं)

पाजपंढरीची_लेक
नमस्कार. बाबांच्या बोटीवर एक आणि घरी एक, असे आमच्याकडे दोन वॉकीटॉकी आहेत. परवा जेटीवर तपासणी झाली, त्यात बोटीवरचा सेट काढून नेला. कागद दाखवा म्हणाले. ऑनलाइन घेतलेत, बिल आहे, पण नुसत्या बिलावर भागत नाही म्हणे. लायसन कुठे काढतात आणि किती दिवसांत मिळतं? परवा पहाटे बोट निघायची आहे. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, ऐकीव नको.

दर्यावर्दी_६२
ताई, मॉडेल नाही, फ्रिक्वेन्सी नाही, बोट किती मीटरची तेही नाही. कोण काय सांगणार? सेटच्या मागचा स्टिकर वाचा आणि इथे टाका.

मालवणी_झील
रे बाबा, आधी तां सांग, बोटीक मत्स्य खात्याचो परवानो आसा मां? तो नसलो तर वायरलेसचा नंतर बघूया.

पाजपंढरीची_लेक
मत्स्य खात्याचा परवाना आहे, नोंदणी आहे, खलाशांची कार्डं आहेत. मी विचारलंय फक्त वॉकीटॉकीचं.

उंच_एरियल
सोपा उपाय आहे, हॅम लायसन, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना काढा. परीक्षा अवघड नाही. रिस्ट्रिक्टेड ग्रेड, म्हणजे खालची श्रेणी, पास झालात की स्वतःचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव मिळतं. मी चिपळूणहून २ मीटर बँड या हॅमच्या पट्ट्यावर बोलतो. सह्याद्रीच्या कड्यावर चढलं की त्याच हँडसेटवर कुठल्या कुठे बोलणं होतं. वादळात मोबाइल टॉवर बंद पडतात तेव्हा हॅमवालेच कामाला येतात. प्रत्येक कोळीवाड्यात निदान एक तरी हॅम हवाच.

निवृत्त_तारखाते
एरियलसाहेब, तुमचा उत्साह मला पटतो, पण हा सल्ला चुकीचा आहे. हॅमच्या लहरींवर धंद्याचं बोलणं चालत नाही. "बर्फ किती टाकू, सुरमईला काय भाव चाललाय" एवढं विचारलं तरी तो धंदा झाला. आणि हॅम परवान्यावर मरीन चॅनलवर, म्हणजे बोटींसाठी राखीव लहरींवर, बोलता येत नाही.

उंच_एरियल
मी संकटकाळाबद्दल बोलत होतो.

निवृत्त_तारखाते
त्यांनी संकटकाळाचं विचारलेलं नाही.

पाजपंढरीची_लेक
स्टिकरवर १३६-१७४ आणि ४००-४८० मेगाहर्ट्झ आहे, ५ वॅट. विकणाऱ्याने चॅनल भरून दिले होते. आम्ही दोन्ही सेटच्या नॉबवर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, त्या ठिपक्यावर ठेवलं की बाबांचा आवाज येतो. तो कुठला चॅनल ते मला माहीत नाही.

आणि संकटाचं कोणी विचारलं नाही असं नाही. गेल्या साली इंजिन बंद पडलं, तेव्हा अकरा तास घरी काही कळलं नव्हतं. सात-आठ मैलांवर मोबाइलची रेंज जाते. त्यानंतर हे सेट घेतले. आई सेट तांदळाच्या डब्यात ठेवते, खाऱ्या हवेने चार्जरचे पॉइंट हिरवे पडतात म्हणून. रोज चार वाजता ती काढून पुसते आणि कानाला लावून बसते.

निवृत्त_तारखाते
आता कळलं. नीट सांगतो.

परवाना लागतो की नाही हे सेट कुठल्या लहरींवर बोलू शकतो त्यावरून ठरतं, किमतीवरून नाही. हे काम दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या शाखेकडे आहे. १९५२ पासून देशातल्या लहरींचं वाटप तीच बघते. १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून तत्त्व एकच आहे: असं यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवानगी लागते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तेच कायम ठेवलंय. त्यातून काही ठरावीक पट्टे वगळलेत, म्हणजे वायफायचे पट्टे, २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड आणि ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे हँडसेट. तुमचा सेट वाटेल त्या लहरीवर नेता येतो, त्यामुळे तो या सवलतीत बसत नाही. त्याच्यासाठी लायसन काढायच्या मागे लागू नका, मिळणार नाही.

दोष तुमचा नाही. असले सेट खेळण्यांसारखे विकले गेले. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यानुसार फ्रिक्वेन्सी आणि परवाना लागतो की नाही हे विक्रेत्याला लिहावंच लागतं. पण ज्यांनी आधी घेतले त्यांना कोण सांगणार?

दर्यावर्दी_६२
१३६ ते १७४ मध्ये मरीनचा पूर्ण पट्टा येतो, १५६.८ सुद्धा. म्हणजे चॅनल १६, सगळ्या जगाचा मदतीच्या हाकेचा चॅनल. ताई, तुमचा ठिपका त्यावर असेल तर आजपासून तो सेट बंद ठेवा. मी चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख होतो. सोळावर कोणी गप्पा मारत बसलं की बुडणाऱ्याची हाक त्याखाली दबते. मी ती दबलेली ऐकलीय. सोळावर फक्त हाक द्यायची आणि लगेच ७२ किंवा ७७ वर जायचं.

गुहागरचा
आमच्या वाडीत घरातसुद्धा रेंज नाही. मी छतावर सिग्नल बूस्टर बसवलाय, मस्त चालतो. तुम्ही बोटीवर बसवा.

निवृत्त_तारखाते
बूस्टरही बेकायदा आहे हो. तो आसपासच्या टॉवरच्या सिग्नलमध्ये गोंगाट घालतो आणि शेजाऱ्याचे कॉल तुटतात. आजच काढा.

गुहागरचा
मग आम्ही करायचं काय? ७०० मेगाहर्ट्झची लहर डोंगरदऱ्यांतही लांब पोचते म्हणतात. २०१६ च्या लिलावात सरकारने तिची राखीव किंमत मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी ठेवली, एकानेही घेतली नाही. २०२१ लाही तशीच पडून राहिली. २०२२ च्या लिलावात सरकारला दीड लाख कोटींची बोली मिळाली, पण आमच्या वाडीत अजून झाडावर चढून फोन लावतात. लहर ही नदीसारखी सगळ्यांची आहे, ती कोणाला पोचली हे मोजायला नको का?

मालवणी_झील
ह्या खरा. पण ताईंची बोट परवा सुटताली, त्येंका आधी वाट दाखवा.

सोसायटीचं_दप्तर
मी आमच्या मच्छीमार संस्थेचं काम बघतो. मत्स्यसंपदा योजनेत बोटींना ट्रान्सपॉन्डर मोफत बसवून देतात. देशभरात १ लाख बोटींची योजना आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पालघरलाच सुरुवात झाली. तो उपग्रहावरून चालतो, त्यामुळे मोबाइलची रेंज लागत नाही. बोटीवरून छोटे निरोप पाठवता येतात आणि किनाऱ्यावरून येतातही. मत्स्य कार्यालयात बोटीचा नंबर देऊन यादीत नाव आहे का विचारा.

सुरमई_प्रेमी
हर्णैचा संध्याकाळचा लिलाव हल्ली किती वाजता असतो? शनिवारी येतोय.

पाजपंढरीची_लेक
बोटी आल्या की. साधारण चारनंतर या.

ट्रान्सपॉन्डरचं उद्याच विचारते. पण बोटीवर रीतसर व्हीएचएफ, म्हणजे बोटींसाठीचा परवान्याचा रेडिओ सेट, घेतला तर घरच्या सेटचं काय? आईने बाबांशी बोलायचं कसं?

निवृत्त_तारखाते
अडचण नेमकी इथेच आहे. बोटीवरच्या मरीन व्हीएचएफसाठी दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर अर्ज करा. बोटीचा एमएमएसआय, म्हणजे रेडिओवरचा ओळखक्रमांक, नऊ आकडी असतो, भारताचा ४१९ ने सुरू होतो. पण तो परवाना बोटीचा असतो. तोच सेट घरात आणून बोललात तर ते किनारा केंद्र, म्हणजे जमिनीवरून बोटींशी बोलणारं ठिकाण, ठरतं आणि त्याचा परवाना वेगळा. एकट्या घराला तो मिळणं कठीण आहे.

दर्यावर्दी_६२
हे कडक का आहे तेही समजून घ्या. १९९३ ला रायगडच्या शेखाडीत आरडीएक्स उतरलं. २००८ ला 'कुबेर' ट्रॉलर पळवून ते दहाजण मुंबईत आले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली बेवारस नौका वाहत आली, घातपात नव्हता, पण सगळा किनारा हादरला. किनाऱ्यावरून कोण कोणाशी बोलतंय हे विचारणारच. म्हणून आईंनी चार वाजता कान लावून बसायचं नाही, असं मात्र कोणी म्हणू नये.

सोसायटीचं_दप्तर
एका घराला नाही, तर संस्थेला मागू या की. संस्थेच्या नावाने एक किनारा केंद्र, बंदरावर एक सेट, टेकडीवर एरियल. एरियल समुद्रसपाटीपासून १०० मीटरवर गेलं तर बोटीवरचा सेट ४० किलोमीटरच्या पुढेही ऐकू येतो, हिशोब करून बघा. पाळीपाळीने माणूस बसेल आणि घराघरांत निरोप देईल.

उंच_एरियल
एरियल उभारायला मी चिपळूणहून येतो. एक रुपया नको.

पाजपंढरीची_लेक
सगळ्यांचे आभार. बाबांशी बोलले. ही फेरी शेजारच्या बोटीबरोबर जोडीने करतील, त्यांच्याकडे परवान्याचा सेट आहे. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर केबिनमध्ये रंगाने लिहून घेतला. घरचा सेट मी उद्या स्वतः तपासणीवाल्यांकडे नेऊन देते.

सोमवारी संस्थेची बैठक आहे, किनारा केंद्राचा विषय मी मांडणार. तारखातेकाका, अर्जाचा मसुदा द्याल का?

निवृत्त_तारखाते
देतो, पोरी. टेकडीची उंची आणि संस्थेच्या बोटी किती, तेवढं कळव. आणि तुमची बोट किती मीटरची, ते अजून सांगितलं नाहीस.

पाजपंढरीची_लेक
साडेअकरा.