स्टोरेजवाले म्हणतात नेटवर्क, नेटवर्कवाले म्हणतात स्टोरेज, मधे आमचा ईआरपी (कंपनीचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) लटकलाय

चिंचोळी_सर्व्हर:
नमस्कार मंडळी, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्टवाल्या कंपनीत सर्व्हर बघतो. आयस्कझी स्टोरेज आहे (डिस्क वेगळ्या पेटीत, डेटा साध्या नेटवर्कवरून येतो), दोन स्विच, मल्टिपाथ (डिस्कपर्यंत एकापेक्षा जास्त रस्ते). गड्ड्याच्या (सोलापूरच्या यात्रेच्या) सुट्टीत नेटवर्क टीमनं एक स्विच बदलला आणि तेव्हापासून गंमत चालू. लॉगिन होतंय, लून (स्टोरेजमधली आमची डिस्क) दिसतोय, छोटी एंट्री पटकन होते, पण मोठा रिपोर्ट काढला किंवा बॅकअप लावला की मधेच अडकतंय. एक पाथ पडतो, परत आपोआप उठतो. स्टोरेज टीम पुण्याला, ते म्हणायलेत अॅरे (डिस्कची पेटी) एकदम हिरवा आहे, नेटवर्क बघा. नेटवर्कवाले म्हणायलेत पिंग चालतोय, तिकीट बंद करा. कुणाला धरायचं सांगा की ओ.

केबलमास्तर:
पिंग चालतोय हे काय उत्तर आहे का राव. साधा पिंग म्हणजे चिमूटभर पॅकेट, ते कुठूनही जातं. तुमच्याकडं जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेटं) आहे का ते आधी बघा. सर्व्हर आणि अॅरेवर एमटीयू (एका फ्रेममध्ये किती बाइट मावतात ती मर्यादा) ९००० असेल आणि नवीन स्विच डिफॉल्ट १५०० वरच राहिला असेल तर मोठी फ्रेम तिथंच गळते, आणि मधे राऊटर नाही त्यामुळं कुणी निरोपसुद्धा देत नाही. पिंगला साईझ ८९७२ द्या (९००० वजा हेडरचे २८) आणि डोन्ट फ्रॅगमेंट (पॅकेटचे तुकडे करू नको) लावा, दोन्ही पाथवरून वेगवेगळं. पाथ उठतो कारण मल्टिपाथचा चेकर पण बारकीच कमांड पाठवतो, त्याला सगळं ठीकच दिसतं.

सॅनवाले_काका:
वरच्यांचं बरोबर आहे, पण मूळ दुखणं वेगळं आहे. फायबर चॅनलच्या (फक्त डिस्कसाठीच्या वेगळ्या नेटवर्कच्या) काळात सॅन स्विच आमचाच असायचा, झोनिंग (कुठल्या सर्व्हरला कुठली डिस्क दिसणार ते) आम्हीच करायचो, आणि तिथं समोरच्यानं क्रेडिट (माझ्याकडं जागा आहे असा इशारा) दिल्याशिवाय फ्रेम सुटतच नाही, म्हणजे गर्दी झाली तर थांबेल पण टाकून देणार नाही. इथरनेट बिनधास्त टाकून देतं, टीसीपी परत पाठवेल म्हणून. वेबसाईटला चालतं, डिस्कला नाही, तिथं डेटाबेस वाट बघत बसतो. आता आयस्कझी आल्यावर डिस्क आमची, रस्ता दुसऱ्याचा, आणि रस्तेवाल्याला कुणी सांगितलेलंच नसतं की इथून डिस्क जायलीय. त्याच्या लेखी तो अजून एक व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा). स्टोरेज टीमला त्या पोर्टचे काउंटर बघायला रीड ओन्ली अॅक्सेस द्या आणि स्विच बदलायच्या आधी त्यांची सही घ्या, निम्मी भांडणं तिथंच मिटतात. आणि हो, दोघांच्या लॉगची घड्याळं एकाच एनटीपीवर (वेळ जुळवणाऱ्या सर्व्हरवर) आहेत का बघा, नाहीतर ड्रॉप कधी झाला यावरच तासभर वाद होतो.

चिंचोळी_सर्व्हर:
केबलमास्तर लई भारी!! जुन्या स्विचवरून ८९७२ जातंय, नवीनवरून एक पण नाही. पोर्टवर जायंटचा (मर्यादेपेक्षा मोठ्या फ्रेमचा) आकडा नुसता पळायलाय. स्क्रीनशॉट दोन्ही टीमला एकाच मेलमध्ये टाकला, पहिल्यांदाच दोघं एका कॉलवर आले. आता पुणेवाले म्हणायलेत सगळीकडंच १५०० करून टाकू, कटकट नको.

केबलमास्तर:
तसं पण चालतं, १० गिगाबिटच्या नेटवर्कवर फरक बऱ्याचदा वाटतो तेवढा नसतो, मोजून ठरवा. काकांच्या अॅक्सेसबद्दल मात्र माझं जमत नाही, आमच्याकडं रीड ओन्ली दिलं तर रोज एकेका एररचा जाब विचारायला लागले. त्यापेक्षा त्या पोर्टचा ग्राफ दोघांनाही दिसेल असा लावा.

सॅनवाले_काका:
जाब विचारतात म्हणजे बघतात तरी. ते राहू द्या, @चिंचोळी_सर्व्हर, स्विचवर एमटीयू वाढवणार असाल तर काही जुन्या मॉडेलला त्यासाठी रीलोड (स्विच रीस्टार्ट) लागतो. तेवढा वेळ सगळा लोड एकाच पाथवर. तो पाथ धड आहे का हे स्टोरेजवाल्याकडून कॉलवरच वदवून घ्या, बॅकअप थांबवा, मग रीलोड मारा.