मदत हवी आहे: पात्र दुःखी हवंय, पण संशयास्पद दिसतंय

आमच्या ६ मिनिटांच्या विद्यार्थी लघुपटात मुलगा त्याच्या वारलेल्या आईच्या खोलीत येतो. क्षण हळवा आहे, पण पाहणाऱ्या पाचही जणांना तो काहीतरी लपवतोय असं वाटलं. क्लोजअपमध्ये बाजूने एकाच दिव्याचा कडक प्रकाश आहे, अर्धा चेहरा काळोखात. ग्रेडिंगमध्ये (शूटिंगनंतर रंग-उजेड सुधारताना) सावल्या उचलल्या, म्हणजे उजळ केल्या, पण फुटेज ८ बिट (रंगछटांची मर्यादित माहिती असलेलं) असल्याने नॉइज, म्हणजे दाणेदारपणा आला. कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग (तोच चेहरा शेजारच्या शॉटनुसार वेगळ्या भावनेचा वाटतो) आठवून आधी रिकाम्या पलंगाचा शॉट जोडला. थोडाच फरक पडला. पुन्हा शूटिंग शक्य नाही, आणि पार्श्वसंगीत नकोच, भावना चित्रातूनच यायला हवी. हाताशी ९ सेकंदांचा क्लोजअप, पाठमोरा मिडशॉट आणि आईच्या चष्म्याचा इन्सर्ट (फक्त वस्तूचा जवळचा शॉट) आहे. क्लोजअप कापून पाठमोऱ्या शॉटवर थांबू, की चेहरा सैल होईपर्यंत कटच टाळू?