काळजीवाहू मुख्यमंत्र्याला सहीचा अधिकार नसतो?

रानवारा:
इथे एकाने ठोकून दिलंय की काळजीवाहू मुख्यमंत्र्याला कुठल्याच फायलीवर सही करता येत नाही, ‘घटनेतच तसं आहे’. कलम सांगा ना! घटनेत हा शब्दच नाही. लोकसभा विसर्जित झाली तरी मंत्रिमंडळ राहतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये यू. एन. आर. राव खटल्यात सांगितलंय. एप्रिल 1999 मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं, आणि कारगिल लढलं ते त्याच काळजीवाहू सरकारने.

जुना खांब:
युद्ध अंगावर येतं, ते थांबवता येत नाही. धोरण थांबवता येतं. जून 2022 आठवा. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगितलेलं, तरी मंत्रिमंडळाने औरंगाबादचं नाव बदललं. नव्या सरकारला जुलैत तो निर्णय पुन्हा घ्यावा लागला.

रानवारा:
ठाकरेंचा राजीनामा 29 जूनच्या रात्री आला, बैठक त्याआधी झाली. तेव्हा ते काळजीवाहू नव्हतेच!

अबोली:
मंत्र्यांचं चालू द्या. हा शब्द ऐकला की मला घरी रुग्णसेवेला माणसं पाठवणारा ब्युरो आठवतो. सासरे अंथरुणाला खिळलेले. ‘ट्रेन्ड केअरटेकर’ म्हणून मुलगी पाठवली. दर दोन तासांनी कूस बदलायची, एवढंही तिला कुणी शिकवलं नव्हतं. माकडहाडापाशी आधी लाल चट्टा, मग जखम. पैसे मात्र नर्सचे.

पेठकर:
त्या मुलीच्या हातात त्यातले किती पडत होते? ब्युरो कमिशन कापतो, घरचे वर भांडी-पोळ्या करून घेतात. आणि तुम्ही घरात होतात ना? पाठ का नाही बघितली?

अबोली:
हा प्रश्न सुनेलाच का? सासऱ्यांना दोन मुलगे आहेत, त्यांना विचारा. ड्रेसिंग मी करत होते, रोज.

पेठकर:
बरं, तो प्रश्न मागे घेतो. ब्युरोबद्दल बोललो ते कायम.

सावली:
मी हेच काम करते. अंग पुसणं, डायपर, भरवणं, कूस बदलणं हे आमचं. इन्शुलिन टोचणं नर्सचं. पण ‘तूच टोच’ म्हणतात, आणि नाही म्हटलं की आम्ही उद्धट. काही बिघडलं तर पहिलं बोट आमच्याकडे. अधिकार शून्य, जबाबदारी सगळी.

जुना खांब:
रानवारा, तारीख तुमची बरोबर, तेवढीच. नोव्हेंबर 2024 मध्ये शिंदे 26 तारखेला राजीनामा देऊन 5 डिसेंबरपर्यंत काळजीवाहू होते. त्या दिवसांत त्यांनी मोठं धोरण जाहीर केलं असतं तर चाललं असतं तुम्हाला?

रानवारा:
नसतं चाललं. पण तो संकेत आहे. संकेत म्हणा, कायदा म्हणू नका. माझं भांडण तेवढ्यासाठीच आहे.

अबोली:
सावलीताई, जखम अजून ओली आहे. एअर बेड भाड्याने घेऊ की विकत?